माझ्या विस्तवाची घरं

मी लग्न होऊन या टोल्यात आले तेव्हा इथं पाच घरं होती. पुढं ती अकरा झाली आणि पुष्कळ वर्षं अकराच राहिली. मोठ्या गावातून फुटून जंगलात वसलेल्या वस्तीला आमच्याकडं टोला म्हणतात. आमचा टोला धानोऱ्याहून आत, जीप जिथं थांबते तिथून पायी एक तास.

घरं अकराच राहिली त्याला कारण होतं. चुली वाढल्या की सरपणाची वाट लांबते. सकाळी निघालेली बाई दुपार कलल्यावर मोळी घेऊन यायला लागली की जाणती माणसं म्हणत, आता दोघा-तिघांनी उठावं. मग धाकटे भाऊ उठत आणि नाल्यापलीकडं कोसभर अंतरावर नवा टोला मांडत. त्यात रुसवाफुगवा नसे. माझ्या सासऱ्यानं असाच हा टोला मांडला होता. माझ्या दिरांची उठायची वेळ आली तेव्हा मात्र जंगलात नवी झोपडी टाकायला बंदी झाली होती. ते चंद्रपूरकडं मजुरीला गेले आणि तिकडचेच झाले. जास्तीची माणसं जंगलात जायची ती शहरात जायला लागली, एवढाच फरक. टोला अकराचाच राहिला.

मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. कळलं असतं तर पुढं जे केलं ते केलं नसतं.

माझा एकच मुलगा. त्याच्या वेळी टोल्यात शाळा नव्हती. मी माहेरी चौथीपर्यंत शिकले होते, त्यामुळं याला अडाणी ठेवायचं नाही असं मनात होतं. सातव्या वर्षी त्याला आश्रमशाळेत टाकला. तिथं तो शिकला, दोन वेळा जेवला, अंगानं वाढला, हे मी नाकारत नाही. पण सुट्टीत घरी आला की पाहुण्यासारखा बसायचा. एकदा त्यानं मला विचारलं, प्यायचं पाणी कुठं ठेवता. आपल्याच घरात हे विचारलं. तेव्हा मी समजले की हा गेला.

तो आता भद्रावतीला असतो. कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्र्या बांधतो. सून चार घरची भांडी घासते. त्यांना एक मुलगी. लहानपणी ती फार खोकायची. धुळीनं होतं, असं तिथला डॉक्टर म्हणाला. म्हणून मुलगा तिला माझ्याकडं आणून सोडून गेला. तेव्हा ती चार वर्षांची होती. एका पावसाळ्यात खोकला गेला. मुलगा न्यायला आला तेव्हा मी म्हटलं, राहू दे. त्यालाही ते पटलं. दोघं कामावर जाणार, तिच्याकडं पाहणार कोण.

खोटं कशाला बोलू, खोकल्याचं निमित्त होतं. मला ती हवी होती. मुलगा मी अर्धाच वाढवला आणि देऊन टाकला. ही माझ्या हाताखाली मोठी व्हायला हवी होती.

तोवर टोल्यात चौथीपर्यंतची एका खोलीची शाळा झाली होती. मास्तर धानोऱ्याहून मोटरसायकलवर यायचे, जीप थांबते तिथं गाडी लावायचे आणि पुढं पायी. नात पहिलीत गेली त्या साली ते एकदा माझ्या अंगणात येऊन बसले. पाणी प्यायले आणि म्हणाले की शाळेचा पट फार कमी झाला आहे. शाळेत सात मुलांची नावं होती, त्यातली दोन चौथीची. वरून सारखी विचारणा होत होती. असंच राहिलं तर शाळा बंद होणार आणि मुलं आश्रमशाळेत जाणार.

नातीचं काय, मी विचारलं. तर म्हणाले, तिचंही नाव तिथं घालू, काळजी करू नका.

काळजी मला वाटली नाही, राग आला. मी विचारलं, "किती पोट्टे पायजे तुमाले?"

मास्तर हसले. "काऊन आजी? आता या वयात तुमी आनून देता का?"

"आनतो," मी म्हटलं.

गोंडपिपरीकडं माझ्या भावाची मुलगी दिलेली आहे. भाऊ लवकर गेला म्हणून ती लहानपणी दोन वर्षं माझ्याकडंच होती. मी तिला कडेवर घेऊन मोहफुलं वेचलेली आहेत. तिला चार लेकरं. मी तिच्या घरी गेले. तिच्या सासऱ्याची शेती चार भावांत वाटली गेली होती. तिच्या नवऱ्याच्या वाट्याचा तुकडा मी पाहिला. लांब आणि इतका अरुंद की धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, बैलजोडी वळवायला शेजारच्या तुकड्यात शिरावं लागायचं. शेजारचा म्हणजे सख्खा दीर, आणि तो रोज शिव्या द्यायचा. घरात एका छपराखाली चार चुली होत्या. न्हाणीसाठी बायकांच्या पाळ्या. मी तिथं दोन दिवस होते, तेवढ्यात मला तिथला आवाज सहन होईना.

मी तिला म्हटलं, आमच्या टोल्यात ये, जागाच जागा आहे. हे मी जरा तोऱ्यानंच म्हटलं. माझ्या घरामागची सांदवाडी मोठी होती, त्यातला अर्धा तुकडा तिला घर बांधायला देते म्हणाले. माझं धानाचं शेत मला एकटीला होत नव्हतं, ते तिच्या नवऱ्यानं करावं. ती रडायला लागली. मला रडणं आवडत नाही, मी उठून बाहेर गेले.

ते आले, आणि मी त्यांना विस्तव दिला.

हे नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यातच अडकलं. आमच्या टोल्यात बाहेरचं माणूस राहायला आलं की ज्यानं त्याला आणलं त्यानं आपल्या चुलीतला विस्तव त्याच्या नव्या चुलीत नेऊन घालायचा. बोलण्यात आम्ही इस्तो म्हणतो. काडीपेटी प्रत्येकाच्या घरात असते, तरी पहिली चूल अशीच पेटते. एकदा विस्तव दिला की ते घर तुमचं. त्यानं चांगलं केलं तर नाव तुमचं, वाईट केलं तर तेही तुमचं. आणि ज्यानं विस्तव दिला त्यानं त्या घराविरुद्ध सभेत तोंड उघडायचं नाही. काही असेल ते घरातल्या घरात मिटवायचं. सगळे एकमेकांना ओळखत होते तोवर ही रीत चांगली होती. विस्तव देताना माणूस दहादा विचार करायचा.

मी एकदाही केला नाही. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त शाळा होती. भाचीची चारही लेकरं शाळेत बसली. तिची दुसरी मुलगी माझ्या नातीच्या वर्गात आली आणि दोघी पहिल्याच दिवशी एका पाटावर बसल्या. मास्तर मला म्हणाले की आजी, तुम्ही तर खरंच आणले. मला बरं वाटलं.

वर्षभरात भाचीचा तो शिव्या देणारा दीर आला. भाचीनं त्याला तिच्या चुलीतला विस्तव दिला. मग त्या दिराचे दोन साळे आले, त्यांना दिरानं दिला. नंतर साळ्यांच्या ओळखीची घरं आली. शेती कोणाची बुडाली, कोणाची खाणीत गेली, कोणाची वाटण्यांत संपली. आमच्या बाजूला जागा आहे हे त्यांनी एकमेकांना सांगितलं, जसं मी भाचीला सांगितलं होतं. रानात नवी झोपडी टाकता येत नव्हती, म्हणून सगळे टोल्याच्या आतच बसत गेले. कोणाची सांदवाडी, कोणाचं अंगण, दोन घरांमधली बोळ. अडीच वर्षांत अकराची तेहतीस घरं झाली. मधली सगळी रिकामी जागा भरली.

मी मास्तरांना विचारत होते, पट किती झाला. तो वाढतच होता. दुसऱ्या एक मास्तरीणबाई आल्या. शाळेला आणखी एक खोली मिळाली. चुली किती झाल्या हे मी पाहिलं नाही.

आधी बांबू गेला. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब येतात, त्यांना आम्ही वास्ते म्हणतो, त्यांची भाजी करतो. आमचा नियम असा की एका रांजीतून, म्हणजे बांबूच्या एका बेटातून, एका घरानं एकच कोंब घ्यायचा. मी भाचीला हे शिकवलं, तिनं बाकीच्यांना शिकवलं. आणि खरं सांगते, कोणीही दोन घेतले नाहीत. मी पाहत होते. प्रत्येकानं एकच घेतला. नाल्याकाठच्या रांजी तीन पावसाळ्यांत संपल्या. कोणाला बोलणार? नियम तर सगळ्यांनी पाळला होता.

सरपण असंच. मोहफुलंही. आधी झाडं घराघराला वाटलेली होती, आपापल्या झाडाखाली सकाळी आरामात जायचं. आता झाडापेक्षा माणसं जास्त, मग ज्याच्या हाती लागेल त्याचं. बायका फांद्या हलवायला लागल्या. भांडणं व्हायला लागली. पूर्वी टोल्यात भांडण झालं तर कोण कोणाशी बोलत नाही हे सगळ्यांना माहीत असायचं आणि कोणीतरी मध्ये पडायचं. आता कोणाचं भांडण आहे हेच कळेना. काही माणसांची तोंडं मला ठाऊक होती, नावं नाही. टोल्यात राहून माणसाचं नाव माहीत नसणं हे मला नवीन होतं.

हे सगळं मी सोसलं. नात घरी होती, शाळेत जात होती, माझ्या शेजारी जेवत होती. तेवढं असेल तर बाकीचं जाऊ दे, असं मी ठरवलं होतं.

मग पाण्याचं आलं.

टोल्यात सरकारी बोरिंग आहे, पण त्याचं पाणी लाल येतं, वरण शिजत नाही. प्यायला आम्ही नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी नेतो. नाल्याच्या वाळूत कंबरभर खड्डा आहे, त्यात खालून पाणी झिरपतं. एक गुंड, म्हणजे घागर, भरला की थोडं थांबायचं, पाणी परत चढलं की दुसरीनं भरायचं. अकरा घरांना थांबणं म्हणजे गप्पांना वेळ. तेहतीस घरांना ती रांग झाली. लेकरांना पहाटे रांगेत उभं करावं लागे. माझी नात आणि भाचीची मुलगी गुंड घेऊन जोडीनं उभ्या राहायच्या, पाटी घेऊन तिथंच पाढे म्हणायच्या. कधी शाळेला उशीर व्हायचा. मास्तर काही म्हणत नसत, अर्धी शाळा रांगेतच असायची.

झिऱ्याच्या वरच्या बाजूला चढ आहे, त्यावर येनाची आणि बेहड्याची झाडं. सासऱ्याच्या वेळेपासून त्या चढावर कोणी काही केलं नाही. घर नाही, गोठा नाही, डुकरं बांधायची नाहीत, बाहेरही बसायचं नाही. ती पाण्याची बाजू. कोणी कारण विचारत नसे, विचारलं तर पाणी तिथूनच येतं एवढंच सांगत.

तेहतीस घरांतल्या बऱ्याच जणांना घरकुलं मंजूर झाली. घरकुलाला जागा दाखवावी लागते, आणि टोल्यात जागा उरली नव्हती. उरला तो चढच. घरकुलासोबत संडास येतो आणि संडासासोबत शोषखड्डा. म्हणजे झिऱ्याच्या डोक्यावर खड्डे.

मी भाचीकडं गेले. सभेआधी दोन दिवस. तिला सांगितलं की तुझ्या लोकांना समजव, त्या चढावर जागा मागू नका, पलीकडं शेताच्या कडेला मागा, लांब पडेल पण पाणी राहील. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिनं माझ्या पायाला हात लावला.

"आत्या, तुह्या शब्दाभाईर मी गेलो का कधी? मी सांगतो सगळ्यायले."

मी निश्चिंत घरी आले.

आमच्या सभेत हात वर करायची पद्धत नव्हती. बसायचं, बोलायचं, सगळे हो म्हणेपर्यंत उठायचं नाही. एकाचं मन नसेल तर विषय पुढच्या सभेला. कधी एका गोष्टीला चार सभा लागायच्या. पण झालेलं मोडत नसे. त्या दिवशी ग्रामसेवक आले होते. त्यांना संध्याकाळच्या आत दुसऱ्या गावी जायचं होतं. इतकी माणसं एका झाडाखाली मावतही नव्हती, मागच्यांना ऐकू येत नव्हतं. ग्रामसेवकांनी चढाचा नकाशा दाखवला आणि म्हणाले, "ज्यांची हरकत नाही त्यांनी हात वर करा."

पहिला हात माझ्या भाचीचा वर गेला.

ती माझ्याकडं पाहत नव्हती. तिच्या मागून तिच्या दिराचा, साळ्यांचा, सगळ्यांचा. मी उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं तर जुन्या घरांतला सगळ्यात मोठा माणूस, ज्याला मी चाळीस वर्षं भाऊ म्हणते, तो बसल्या जागेवरून म्हणाला, "बाई, बसा. हे सारे तुमच्याच इस्तोचे आहेत. तुमाले सभेत बोलता येत नाई."

मी म्हटलं, मग तुम्ही बोला. तुम्हीही तेच पाणी पिता.

"आमी कसे बोलू? घर तुमचं. आमी मंधात पडलो त उद्या तुमीच म्हनाल, माह्या घरात काऊन बोलले."

आणि त्यानं हळूच हात वर केला. त्याच्या धाकट्या मुलालाही घरकुल हवं होतं. माझं सोडून दहाच्या दहा जुन्या घरांचे हात वर गेले. ज्यांच्याबरोबर मी अख्खा जन्म काढला ते सगळे एक रीत पुढं करून मोकळे झाले. ग्रामसेवकांनी हात मोजले. चार सभांचं काम दोन मिनिटांत संपलं.

मी तडक भाचीच्या घरी गेले. ती पोचायची होती, मी अंगणात उभी राहिले. ती आली. मी विचारलं, "तुनं मले का सांगतलं होतं?"

"आत्या, हात वर नाई केला असता त मले घरकुल कोनं देल्लं असतं?"

"माह्या सांदवाडीत बस म्हटलं होतं ना मी तुले."

"किती वर्षं? चार लेकरं आहेत. उद्या त्यायचे चार घरं होतीन. तुही सांदवाडी का लांबते?"

मी म्हटलं, मी तुला त्या बैल न वळणाऱ्या तुकड्यातून उचलून आणली. माझ्या चुलीतला विस्तव दिला. तुला लाज नाही.

तेव्हा ती जे बोलली ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"तुनं मले नाई आनलं आत्या. तुनं माहे लेकरं आनले. तुह्या नातीच्या शाळेत बसवाले. तुले पट पायजे होता. पट झाला. आता आमी कुठी जावं?"

ती खरं बोलली म्हणून मी तिला माफ करावं असं काही जण नंतर मला म्हणाले. मी केलं नाही. खरं बोलायचं होतं तर सूप खाली ठेवून पायाला हात लावताना बोलायचं होतं.

त्या दिवसापासून मी तिच्या घराशी बोलणं बंद केलं. नातीलाही सांगितलं की तिकडं जायचं नाही, त्या मुलीबरोबर खेळायचं नाही, रांगेत वेगळं उभं राहायचं. तिनं ऐकलं.

चढावरची झाडं पडली, घरकुलं उभी राहिली. पुढच्या पावसाळ्यात टोल्यातल्या लेकरांना कावीळ सुरू झाली. नर्सबाई आल्या, झिरा पाहिला, वरचे खड्डे पाहिले आणि म्हणाल्या की हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. उकळायला सरपण लागतं, आणि सरपण आता अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. काही घरं उकळत, काही नाही. मी उकळत होते. पण नात शाळेत सगळ्यांबरोबर माठातलं प्यायची.

तिला झाली तेव्हा डोळे हळदीसारखे झाले. काहीच पोटात ठरेना. तिला जीपपर्यंत बाजेवर न्यावी लागली. बाज उचलणाऱ्यांत भाचीचा नवरा होता. मी त्याला नको म्हटलं नाही, चार माणसं लागतात. धानोऱ्याला, तिथून गडचिरोलीला. मुलगा दवाखान्यात आला. सतरा दिवस आम्ही तिथं होतो. पोरगी वाचली. मुलगा मला काही टाकून बोलला नाही. फक्त म्हणाला, "आई, आता मी घेऊन जातो."

मी काय म्हणणार होते?

दाखला काढायला मी शाळेत गेले. दोन खोल्या भरलेल्या होत्या, ओसरीवरही एक वर्ग बसला होता. भाचीची मुलगी त्यात होती. तिनं मला पाहून मान खाली घातली. मास्तरांनी दाखला लिहिला. मी विचारलं, पटावर काही परिणाम होईल का? ते म्हणाले, "नाही हो आजी, आता कशाचा. एका मुलीनं काय होतं." मला सांत्वन म्हणूनच म्हणाले ते. मास्तर वाईट नाहीत.

सात महिने मी एकटी राहिले. या सात महिन्यांत मी एकच काम केलं. पलीकडच्या नाल्यात, जिथं वर काही नाही, तिथं एक नवा झिरा खोदला. रोज थोडा. लांब आहे, पण मला एकटीला आणि एका पोरीला पुरेल. पाणी चांगलं निघालं. मास्तरांना विचारून ठेवलं, नाव परत घालता येतं. मग मी धानोऱ्याहून बस धरली, चंद्रपूरला बदलली आणि भद्रावतीला गेले, नातीला परत आणायला.

मुलाची खोली एका चाळीत आहे. ओळीनं खोल्या, मधे गल्ली, गल्लीत नाली. मी दुपारी पोचले तर नात गल्लीत लेकरांच्या घोळक्यात होती. अंग भरलं होतं. थोडी खोकत होती. मला पाहून धावत आली, माझी पिशवी घेतली. मला आनंद झाला, तो मी लपवला नाही.

सून चहा करत होती. मी नातीला जवळ बसवलं आणि सांगितलं की मी नवा झिरा खोदला आहे, पाणी गोड आहे, मास्तर नाव घालतात, उद्या सकाळच्या गाडीनं आपण जाऊ.

ती माझ्या पिशवीचा बंद हातात गुंडाळत होती. तिनं मला पहिलं काय विचारलं असेल? माझी तब्येत नाही, कोंबड्या नाहीत. तिनं विचारलं, ती कशी आहे. ती म्हणजे भाचीची मुलगी.

मी म्हटलं, असेल बरी. मला काय माहीत.

"ती तिसरीत पयली आली होती ना? आता पाचवीले कुठी जाईन?"

"मले नाई मालूम. तू येते का नाई ते सांग."

ती सुनेकडं बघायला लागली. सून चहाकडं बघत होती. मग नात म्हणाली, "आजी, मी नाई येत."

"काऊन?"

"तिथी तू कोनासंग खेलू देत नाई. मी रांगेत एकटी उभी राहो. इथी लय पोट्टे आहेत. कोनी नाई म्हनत नाई."

मी म्हटलं, इथं तुला खोकला येतो.

"थोडासाच येते," ती म्हणाली.

मला तिचा राग आला, हे मी लिहून ठेवते. आठ-दहा वर्षांच्या पोरीचा राग येऊ नये, पण आला. बावीस घरं मी हिच्यासाठी आणली. माझ्या दारचं रान, माझ्या नाल्याचं पाणी, माझ्या चाळीस वर्षांच्या शेजाऱ्यांचं तोंड, सगळं हिला माझ्याजवळ ठेवायला घालवलं. आणि हिला हवी होती ती लेकरं, ज्यांना मी पटासाठी आणलं होतं. तेवढी एकच गोष्ट मी तिला मिळू दिली नाही.

मी तिथं एक रात्र राहून सकाळी निघाले. नात बसस्टँडपर्यंत आली. गाडी लागली तेव्हा तिनं माझ्या हातात एक लाल रिबीन दिली, नवी, कागदातली. तिनं ती वाढदिवसाला आईकडून मागून घेतली होती. म्हणाली, तिला दे. तिच्याकडं एकच आहे, दोन वेण्या घालता येत नाहीत.

मी घेतली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण कंडक्टर ओरडत होता.

याला आता दोन महिने झाले. रिबीन माझ्या लोखंडी पेटीत आहे. भाचीचं नवं घर चढावर आहे, माझ्या दारातून दिसतं. त्या मुलीला मी रोज पाहते, ती गुंड घेऊन माझ्या कुंपणाजवळून जाते, एका वेणीत रिबीन आणि दुसरीत सुतळी. तिला हाक मारायला काही लागत नाही. मी अजून मारलेली नाही.